काचेत सुरुवात झालेलं लेकरू विसाव्या वर्षी कसं असेल?

अंबाजोगाई तालुक्यातल्या एका शिक्षिकाताईंनी पत्रातून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. त्यांचं वय 33, लग्नाला 9 वर्षं झाली. यजमानांच्या वीर्यात शुक्राणू फार कमी, एका मिलिलिटरला 30 लाखांच्या आसपास, म्हणून इक्सी, म्हणजे एकच शुक्राणू सुईनं स्त्रीबीजात सोडून काचेच्या बशीत गर्भ तयार करण्याचा उपचार, करायला सांगितलं आहे. यजमान सख्ख्या आत्याचे चिरंजीव. डॉक्टर गर्भाशयात दोन गर्भ सोडू म्हणतात, घरचेही म्हणतात की जुळं झालं तर एका खर्चात दोन लेकरं होतील. पण जाऊबाई म्हणाल्या की अशी लेकरं पुढे कमजोर निघतात, आणि मोबाइलवर हृदयविकार, कॅन्सर असलं काही वाचण्यात आलं. तेव्हापासून त्यांच्या डोळ्याला डोळा नाही. 'लेकरू होईल हो, पण वीस वर्षांनी ते कसं असेल हे मला कुणी सांगत नाही. आणि हे त्याला कळू द्यायचं का?'

ताई, मी लातूरला 24 वर्षं लहान मुलांचा दवाखाना चालवते. दिवस राहीपर्यंतचं काम वंध्यत्वाच्या डॉक्टरांचं. मूल माझ्याकडे येतं ते जन्मल्यानंतर, आणि मग लसी, ताप, दात, शाळा असं करत वर्षानुवर्षं येत राहतं. अगदी सुरुवातीला माझ्याकडे आलेली अशी काही मुलं आता कॉलेजात आहेत. त्यामुळे तुमच्या प्रश्नाकडे मी त्या टोकाकडून बघते.

आधी उत्तर सांगते, कारण तुम्हाला झोप हवी आहे. अशा उपचारातून जन्मलेली बहुतेक सगळी मुलं निरोगी असतात आणि निरोगी मोठी होतात. थोडा जास्तीचा धोका आहे, तो खरा आहे, आणि तो मी लपवणार नाही. पण त्या धोक्याचा मोठा वाटा काचेच्या बशीतून येत नाही. तो एकाच वेळी दोन-तीन बाळं राहण्यातून, दिवस भरायच्या आत बाळंत होण्यातून आणि आईवडिलांच्या स्वतःच्या शरीरातून येतो. यातला सगळ्यात मोठा हिस्सा अजून तुमच्या हातात आहे, कारण तुमचे गर्भ अजून सोडलेले नाहीत.

लोक या उपचाराला नवीन म्हणतात, तसं ते राहिलेलं नाही. पहिली टेस्ट ट्यूब बेबी लुईस ब्राउन 25 जुलै 1978 रोजी इंग्लंडात ओल्डहॅमला जन्मली. तिसऱ्याच महिन्यात, 3 ऑक्टोबरला, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जींच्या प्रयत्नांतून दुर्गा जन्मली. त्यांना जिवंतपणी मान मिळाला नाही, ही आपल्या वैद्यकाची मोठी खंत आहे. मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून 6 ऑगस्ट 1986 रोजी हर्षा जन्मली, आणि 2016 मध्ये तीच हर्षा स्वतः आई झाली. लुईसलाही उपचाराशिवाय मुलं झाली. आज जगात अशी 1 कोटीहून जास्त माणसं आहेत. तुमच्यासाठी मात्र एक गोष्ट जास्त महत्त्वाची. इक्सीची पद्धत बेल्जियममधल्या ब्रुसेल्सच्या डॉक्टरांनी 1992 मध्ये जगापुढे आणली. म्हणजे इक्सीची सगळ्यात मोठी मुलं आत्ता कुठे तिशीच्या थोडी पुढे आहेत. विसाव्या वर्षी ती कशी असतात हे सांगता येतं. साठीत त्यांचं हृदय कसं असेल हे सांगायला अजून त्यांच्यातलं कुणी साठीचं झालेलं नाही.

आता जुळ्याबद्दल. यावर मी जास्त बोलणार आहे, कारण माझी रात्रीची झोप गेली असेल तर ती याच मुलांपायी.

घरच्यांना जुळं म्हणजे दोन पाळणे दिसतात. मला 31 आठवड्यांची, सव्वा-दीड किलोची दोन बाळं दिसतात, श्वासासाठी धडपडणारी. आपल्याकडे म्हणतात तसं 'पेटीत ठेवलेली'. जुळ्यांपैकी निम्म्याहून अधिक 37 आठवड्यांच्या आत जन्मतात. फुप्फुसं कच्ची, मेंदूतल्या रक्तवाहिन्या नाजूक, आतडी दूध पचवायला तयार नसतात, डोळ्याचा पडदा अर्धवट. बहुतेक बाळं यातून तरून जातात. पण ज्यांच्या मागे काही राहून जातं, त्यांच्या आईवडिलांना ते आयुष्यभर पुरतं.

परभणी जिल्ह्यातलं एक जोडपं आठवतं. अकरा वर्षांनी जुळं झालं होतं, एक मुलगा, एक मुलगी, दोघंही दीड किलोच्या आतले. दुसऱ्या गावच्या दवाखान्यात महिनाभर पेटीत होती. माझ्याकडे आणली तेव्हा पाचवा महिना चालू होता, आणि मुलगी नजर देत नव्हती. कमी दिवसांच्या बाळाच्या डोळ्याचा पडदा जन्मानंतर महिन्याच्या आत तपासावा लागतो. वेळेत सापडलं तर लेसरनं नजर वाचते. ती तपासणी करा असं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. ती पोर आज हुशार आहे, गाणं शिकते, पण तिला दिसत नाही. आयव्हीएफनं, म्हणजे शरीराबाहेर गर्भ तयार करण्याच्या उपचारानं, तिची नजर नेली असं मी म्हणणार नाही. एका वेळी दोन बाळं राहिली, त्यामुळे ती लवकर आली, आणि पुढची साखळी तुटत गेली.

म्हणून स्वीडनमधला एक अभ्यास तुमच्यापुढे ठेवते. तो 2004 मध्ये छापून आला आणि तुमच्याच वयोगटातला आहे, 36 वर्षांखालच्या 661 बायकांचा. अर्ध्यांना एकदम दोन गर्भ सोडले. अर्ध्यांना एक ताजा सोडला, आणि तो राहिला नाही तर पुढे गोठवलेला एक. पहिल्या गटात मूल होण्याचं प्रमाण 42.9 टक्के, दुसऱ्यात 38.8 टक्के, म्हणजे फरक थोडाच. पण झालेल्या बाळंतपणांत जुळ्यांचं प्रमाण बघा: पहिल्या गटात 33.1 टक्के आणि दुसऱ्यात 0.8 टक्के. स्वीडननं 2003 पासून साधारणपणे एकच गर्भ सोडण्याचा नियम केला, तिथली जुळी झपाट्यानं कमी झाली, आणि मूल होण्याचं प्रमाण काही कोसळलं नाही.

हा खर्चाचा हिशेब घरी नीट मांडा. दुसरा गर्भ गोठवून ठेवून पुन्हा सोडण्याचा खर्च एकीकडे, आणि दोन बाळांचं महिनाभराचं पेटीचं बिल दुसरीकडे. त्याशिवाय रोज गावाहून ये-जा, बुडालेली मजुरी किंवा रजा, टाक्यांनिशी बाकड्यावर बसून दूध काढून देणारी बाळंतीण. एका खर्चात दोन लेकरं, हा हिशेब माझ्यासमोर जुळलेला मी क्वचितच पाहिला. तुमच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा, 'माझं वय 33, गर्भ चांगल्या प्रतीचे असतील तर एकच सोडाल का?' चांगला डॉक्टर या प्रश्नानं दुखावत नाही.

मग एकच बाळ राहिलं तर सगळा धोका संपतो का? नाही. एकटं असलं तरी आयव्हीएफचं बाळ थोडं लवकर येण्याची किंवा थोडं हलकं असण्याची शक्यता जास्त असते. हे उपचारामुळे होतं, की ज्या कारणानं मूल होत नव्हतं त्या कारणामुळे? नॉर्वेतल्या संशोधकांनी 2008 मध्ये याचं उत्तर फार हुशारीनं शोधलं. त्यांनी 2,546 अशा आया घेतल्या ज्यांना एक मूल उपचारानं आणि दुसरं आपोआप झालं होतं. आई तीच. सगळ्या लोकसंख्येशी तुलना केली की उपचाराची मुलं मागे दिसत होती, पण सख्ख्या भावंडांची आपापसात तुलना केली तेव्हा वजनातला आणि दिवसांतला फरक जवळजवळ उरलाच नाही. त्यांचा निष्कर्ष असा की दोष बराचसा वंध्यत्वाच्या मूळ कारणांत आहे, तंत्रात नाही. सासरी कुणी 'मशीनचं लेकरू' म्हणालं तर ही गोष्ट आठवा.

बशीचा काहीच वाटा नाही असंही नाही. नेदरलँड्समध्ये गर्भ कोणत्या द्रवात वाढवला यावरून जन्मवजनात दीडशे ग्रॅमच्या आसपास फरक पडलेला दिसला. बशीतल्या पहिल्या काही दिवसांतलं खाणंपिणंही बाळाच्या वजनात उतरतं, हे पाहून आम्हा सगळ्यांना धक्का बसला होता. ताजा गर्भ सोडलेली बाळं थोडी हलकी असतात, गोठवलेल्याची थोडी वजनदार. गोठवलेला गर्भ सोडताना पाळी बंद करून सगळी हार्मोनं बाहेरून दिली, तर आईचं रक्तदाब वाढण्याचं प्रमाण जास्त दिसतं, कारण बीज फुटल्यावर अंडाशयात जी गाठ तयार होते आणि शरीराला गर्भारपणासाठी सावरते, ती अशा वेळी नसते. तुमची पाळी नियमित असेल तर नैसर्गिक पाळीत गर्भ सोडता येईल का, हेही विचारून घ्या.

व्यंगाचे आकडे आता. दक्षिण ऑस्ट्रेलियात 3 लाखांहून अधिक जन्मांचा अभ्यास 2012 मध्ये आला. पाचव्या वाढदिवसापर्यंत सापडलेलं प्रत्येक व्यंग त्यांनी धरलं होतं, म्हणून आकडे मोठे दिसतात. उपचाराच्या मुलांत 8.3 टक्के, बाकीच्यांत 5.8 टक्के. आईचं वय वगैरे गोष्टींचा हिशेब केल्यावर साध्या, सुईविना केलेल्या आयव्हीएफचा जास्तीचा धोका मावळला, इक्सीचा मात्र राहिला. आणि त्याच अभ्यासात एक गोष्ट होती जी बातम्यांत आली नाही: पूर्वी वंध्यत्व असलेल्या पण उपचाराविना दिवस राहिलेल्या बायकांच्या मुलांतही व्यंगाचं प्रमाण जास्त होतं. हृदयाच्या जन्मजात दोषांचा नॉर्डिक देशांतला, म्हणजे स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क, फिनलंडमधला अभ्यास तर 77 लाखांहून अधिक मुलांचा आहे. तिथे उपचाराच्या मुलांत 1.84 टक्के आणि इतरांत 1.15 टक्के असं प्रमाण आलं. जुळ्या-तिळ्यांत ते 2.47 टक्के होतं. पुन्हा जुळं.

हे वाचून घाबरू नका, तारीख लिहून ठेवा. 18 ते 20 आठवड्यांच्या सोनोग्राफीसोबत बाळाच्या हृदयाची वेगळी सोनोग्राफी, जिला फीटल इको म्हणतात, करून घ्या. हृदयातले बरेच दोष आज दुरुस्त होतात. पण दोष आधी कळला तर बाळंतपण कुठे करायचं हे ठरवता येतं. निळं पडलेलं दोन दिवसांचं बाळ अँब्युलन्समध्ये घालून रात्री संभाजीनगर किंवा पुणे गाठण्यापेक्षा ते कितीतरी बरं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून अशा मुलांच्या शस्त्रक्रियेला मदत मिळते, जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात चौकशी करा.

आता जे तुम्ही विचारलं नाही, पण पत्रात एका ओळीत लिहून गेलात. यजमान सख्ख्या आत्याचे चिरंजीव. आपल्या मराठवाड्यात मामाच्या मुलीवर हक्क असतो असं मानतात, तेव्हा यात नवल नाही. पण सख्ख्या मामे-आत्येभावंडांच्या लग्नात व्यंगाचा धोका साधारण दुपटीनं वाढतो, 2-3 टक्क्यांवरून 4 ते 6 टक्क्यांपर्यंत. म्हणजे तुम्ही ज्या आयव्हीएफला भिताय त्याच्या तोडीचा, कदाचित जास्त धोका तुमच्या नात्यात आधीच आहे, आणि काचेच्या बशीत घातल्यानं तो धुऊन जात नाही. दोघांच्या रक्तात एकच लपलेला दोष असू शकतो आणि बाळाच्या वाट्याला तो दोन्हीकडून येऊ शकतो. उपचार सुरू करण्याआधी दोघांची थॅलेसेमिया आणि सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारांसाठी तपासणी करा. घराण्यात कुणाचं मूल लहानपणी गेलंय का, कुणी जन्मतः ऐकू न येणारं, मतिमंद किंवा वारंवार रक्त चढवावं लागणारं आहे का, हे आत्याला, म्हणजे तुमच्या सासूबाईंना, बसून विचारा. दोन्हीकडची वंशावळ त्यांनाच पाठ असणार. काही सापडलं तर जनुकीय समुपदेशकाकडे जा. घराण्यातला आजार नेमका माहीत असेल तर गर्भ सोडण्याआधीच तो तपासता येतो, आणि 2021 च्या कायद्यानं त्याला परवानगी आहे. मुलगा की मुलगी हे बघण्यासाठी मात्र अजिबात नाही.

यजमानांचीही एक तपासणी राहिलेली दिसते. शुक्राणू 50 लाखांच्या खाली असतील तर गुणसूत्रांची तपासणी आणि वाय गुणसूत्राचा बारीक तुकडा गळलाय का याची तपासणी करायला हवी. तुकडा गळालेला असेल आणि इक्सीनं मुलगा झाला, तर तो गळालेला तुकडा जसाच्या तसा मुलाकडे जातो. त्याची तब्येत उत्तम राहील, पण वडिलांचीच अडचण पंचवीस वर्षांनी त्याच्या वाट्याला येईल. ब्रुसेल्सच्या संशोधकांनी 2016 मध्ये इक्सीनं जन्मलेल्या 54 तरुणांची तपासणी केली, 18 ते 22 वयाच्या. त्यांची शुक्राणूसंख्या एका मिलिलिटरला सरासरी 1.77 कोटी आली, तर आपोआप झालेल्या मुलांची 3.7 कोटी. निम्म्यापेक्षा कमी. तरीही वडिलांचा आकडा कमी म्हणून मुलाचाही तेवढाच कमी, असं दिसलं नाही, हेही लक्षात घ्या. मुलगा झाला तर पुढे योग्य वयात त्याला हे सांगणं तुमचं काम आहे. लग्नानंतर सात-आठ वर्षं नवससायासात घालवण्यापेक्षा तो पंचविशीतच तपासून घेईल.

हृदयाचं आणि रक्तदाबाचं, जे मोबाइलवर वाचलंत. ही भीती हवेतून आलेली नाही. नेदरलँड्समध्ये 2008 मध्ये 8 ते 18 वयाच्या 225 आयव्हीएफ मुलांचा वरचा रक्तदाब सरासरी 109 आला, इतरांचा 105. स्वित्झर्लंडमध्ये 2012 मध्ये अशा मुलांच्या रक्तवाहिन्या थोड्या ताठर दिसल्या, आणि 2018 मध्ये तीच मुलं किशोरवयात आल्यावर 52 पैकी 8 जणांचा रक्तदाब आजार म्हणावा इतका वाढलेला होता. बातम्या झाल्या त्या याच्या. पण गट लहान होते. नंतर ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या गटानं 22 ते 35 वयाचे 193 तरुण-तरुणी तपासले, त्यांच्या रक्तवाहिन्या आणि चयापचयात काही वाईट सापडलं नाही. 2023 मध्ये 14 वेगवेगळ्या अभ्यासांतली 35 हजारांहून जास्त मुलं एकत्र करून पाहिली, तेव्हा रक्तदाब, साखर आणि चरबी यांत सांगण्यासारखा फरक दिसला नाही. जन्माच्या वेळी जनुकांवर दिसणाऱ्या रासायनिक खुणाही मोठेपणी बऱ्याच पुसल्या जातात, हेही मेलबर्नकरांनीच दाखवलं. माझा कल या मोठ्या अभ्यासांकडे आहे. तरी मी माझ्या दवाखान्यात येणाऱ्या अशा प्रत्येक मुलाचा रक्तदाब तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी मोजते. खरं तर तो सगळ्याच मुलांचा मोजायला हवा. लहान मुलाच्या दंडाला लहान पट्टा लागतो, मोठ्यांचा पट्टा बांधून आकडा चुकतो, हे तेवढं बघा.

इथेच आपल्या घरातली एक सवय आडवी येते. इतक्या वर्षांनी लेकरू आलं, म्हणून आजीपासून शेजारणीपर्यंत सगळे त्याला भरवत सुटतात. डब्याचं दूध, साजूक तूप, बिस्किटं, 'अंगानं भरलं पाहिजे'. पुण्याच्या केईएममध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास चालवला. आपली बाळं दिसायला किडकिडीत असली तरी त्यांच्या अंगात चरबीचा वाटा जास्त असतो, हे त्यांनी जगाला दाखवलं. हलकं जन्मलेलं मूल घाईनं फुगवलं की पुढे साखर आणि रक्तदाबाचा धोका वाढतो. हे आयव्हीएफपुरतं नाही, पण आयव्हीएफच्या घरात भरवण्याचा आग्रह सगळ्यात जास्त असतो, म्हणून सांगते. सहा महिने फक्त आईचं दूध. मग घरचं, वरण-भात, ज्वारीच्या पिठाची पेज, नाचणी, अंडं चालत असेल तर अंडं. वजनाचा तक्ता मी भरते, त्यावर विश्वास ठेवा, बाळाच्या गालांवर नको.

कॅन्सरबद्दल थोडक्यात. ब्रिटनमध्ये 1992 ते 2008 दरम्यान उपचारातून जन्मलेल्या 1,06,013 मुलांचा माग काढला. एकूण लोकसंख्येच्या हिशेबानं 109.7 मुलांना कॅन्सर व्हायला हवा होता, झाला 108 जणांना. नंतरच्या नॉर्डिक अभ्यासात गोठवलेल्या गर्भातून झालेल्या मुलांत प्रमाण थोडं जास्त निघालं, पण एकूण 22,630 मुलांत रुग्ण 48. या गोष्टीवर लक्ष ठेवणं संशोधकांचं काम आहे. आईनं यासाठी रात्र जागवू नये. काही फार दुर्मीळ आजार आहेत, जीभ आणि अंग मोठं असणारा बेकविथ-विडेमान त्यातला एक, ते या मुलांत थोडे जास्त दिसतात. तरीही इतके दुर्मीळ की असं मूल सहसा माझ्या दारापर्यंत येत नाही.

बुद्धीबद्दल तर निर्धास्त राहा. स्वीडनमध्ये 25 लाखांहून अधिक जन्मांच्या अभ्यासात ऑटिझमशी आयव्हीएफचा संबंध आढळला नाही. बौद्धिक अपंगत्वाचा किंचित वाढलेला धोका दिसला, पण एकेकटी जन्मलेली मुलंच घेतली की तोही गेला. तिसऱ्यांदा तेच, जुळं.

एक विनंती बाळंतपणाबद्दल. मौल्यवान बाळ म्हणून घरचे सिझेरियनची घाई करतात, वर मुहूर्त काढून आणतात. सदतिसावा आठवडा सरत नाही तोच चांगलं नक्षत्र आहे म्हणून बाळ काढून घेतलेलं आणि मग श्वासाला धाप लागून माझ्याकडे आलेलं, असं मी अनेकदा पाहिलंय. ज्या कारणानं आयव्हीएफची बाळं मागे पडतात, तेच कारण आपण हातानं तयार करतो. वैद्यकीय कारण नसेल तर 39 आठवडे पूर्ण होऊ द्या. आणि फॉलिक अॅसिड गर्भ सोडण्याच्या निदान महिनाभर आधीपासून रोज घ्या. रक्त, साखर, थायरॉइड आधीच तपासून जाग्यावर आणा.

शेवटचा प्रश्न, मुलाला सांगायचं का. सांगा. बीज तुमचं, शुक्राणू यजमानांचे, कायद्यानंही ते सर्वार्थानं तुमचंच मूल. लपवण्यासारखं काय आहे? ज्यांनी दात्याचं बीज किंवा शुक्राणू घेतले आहेत त्यांना हे सांगणं जड जातं, मला कळतं. पण केंब्रिजमध्ये सुझन गोलॉम्बॉक यांनी अशा कुटुंबांचा विसाव्या वर्षापर्यंत पाठपुरावा केला, आणि ज्या घरांनी सातव्या वर्षाच्या आत सांगितलं तिथलं नातं जास्त बरं राहिलं. लहानपणी सांगितलं तर ती एक गोष्ट असते, 'तू येत नव्हतास म्हणून आम्ही डॉक्टरकडे तुला आणायला गेलो होतो.' सोळाव्या वर्षी चुलत्याच्या तोंडून कळलं तर तो घाव असतो. एका मुलीला ते तसं कळलं, आणि त्यानंतर तिनं वर्षभर आईशी नीट बोलणं टाकलं होतं.

पण त्याहून आधी, डॉक्टरला सांगा. आपल्याकडे किती आया बाळाच्या कागदावर आयव्हीएफ लिहू नका म्हणतात, आणि कितीजणी घराबाहेर बोभाटा नको म्हणून सगळी फाइल विहिरीत टाकतात किंवा चुलीत घालतात. मग सहाव्या वर्षी रक्तदाब वाढलेला दिसला, की मी विचारते आणि नवरा-बायको एकमेकांकडे बघतात. नॉर्डिक देशांत जन्मापासून प्रत्येकाला एक क्रमांक असतो, त्यावर उपचार, जन्म, दवाखाना आणि शाळा सगळं जोडता येतं, म्हणून एवढे मोठे अभ्यास त्यांच्याकडून येतात. तुमच्या मुलासाठी ते जोडणारं माणूस तुम्हीच आहात. आपल्या कायद्यानं दवाखान्याला या नोंदी किमान 10 वर्षं ठेवाव्या लागतात, पुढे त्या राष्ट्रीय नोंदणीकडे जातात. तुमचा प्रश्न वीस वर्षांचा आहे. म्हणून उपचार संपला की एक प्रत मागून घ्या. किती बीजं निघाली, इक्सी की साधं, गर्भ ताजा की गोठवलेला, कितव्या दिवशी सोडला, किती सोडले, कोणती हार्मोनं दिली, तुमचा रक्तदाब आणि साखर कशी होती, बाळ किती आठवड्यांचं आणि किती वजनाचं झालं, एवढं त्यात असू द्या. एक प्लास्टिकची फाइल घ्या, लसीकरणाचं कार्ड त्याच फाइलमध्ये ठेवा, आणि पहिल्या लसीला बाळाला घेऊन याल तेव्हा दुपट्यासोबत ती फाइलही पिशवीत टाका.